बाळाचं स्वेटर – हात लावू नये

मास्तरांच्या कॉम्प्युटरातली बाही नाहीशी झाल्याचं उघडकीस आलं तो शुक्रवार होता. त्या सकाळी सगळ्यात आधी तपासणी झाली ती मात्र कॉम्प्युटरची नाही, मास्तरांची. बेल वाजली म्हणून त्यांनी दार उघडलं, तर समोरच्या घरातल्या नर्सबाई उभ्या. रात्रपाळी संपवून थेट आलेल्या. अंगावर गणवेश तसाच आणि हातात रक्तदाब मोजायचं यंत्र.

"मास्तर, हसून दाखवा."

"कशाला?"

"आधी हसा, मग विचारा."

बायको गेल्यापासून मास्तरांना हसा असं कुणी म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे, धीर धरा, जेवा वेळेवर, फिरायला जात जा. त्यांनी आज्ञाधारकपणे दात दाखवले.

"आता दोन्ही हात समोर धरा. तसेच ठेवा. पडतोय का एखादा? नाही. आता तुमचं नाव सांगा."

"बाई, इतकी वर्षं समोरासमोर राहतो आपण. तुम्हाला माझं नाव माहीत नाही?"

"बोलणं शाबूत आहे," नर्सबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि आत येऊन खुर्चीत बसल्या. "मग काल मला फोनवर नुसतं 'व्ही' का पाठवलंत? मी वॉर्डात होते, सकाळी बघितलं. दुसरा एक शब्द नाही, नुसतं इंग्रजी व्ही. माणूस लिहिता लिहिता अर्धांगाचा झटका येऊन कोसळला की असंच एखादं अक्षर पाठवतो. जिने चढताना माझं काय झालं असेल!"

"व्ही?" मास्तर म्हणाले. "मी तर तुम्हाला बाही पाठवली."

इथे थोडं थांबून बाहीचं सांगायला हवं. मास्तरांची मुलगी दुसऱ्या गावी असते आणि तिला दिवस गेले होते. मास्तरांच्या बायकोनं बाळासाठी पिवळ्या लोकरीचं स्वेटर विणायला घेतलं होतं. पाठ झाली, पुढचे दोन्ही पल्ले झाले, आणि मग दुखणं आलं आणि ते तिला घेऊनच गेलं. बाह्या राहिल्या. मुलीनं बाकी काही मागितलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, बाळाला पहिलं स्वेटर आईचं घालायचंय."

विणणारी माणसं होती. नर्सबाई होत्या, खालच्या मजल्यावरच्या लायब्ररीवाल्या बाई होत्या. शनिवारी दुपारी या दोघी सुया आणि लोकर घेऊन मास्तरांच्या बैठकीत बसायच्या आणि मास्तरांच्या बायकोकडून शिकायच्या. पण नर्सबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. "माझ्या मनानं बाही मी आत्ता विणून देते. पण मग ती माझी बाही झाली, तिची नाही. तिनं कॉम्प्युटरवर सगळं लिहून ठेवलंय. किती टाके घालायचे, कुठे वाढवायचे, सगळं. तेवढं मला पाठवा." काम एवढंच होतं. एका जागचा मजकूर उचलायचा आणि दुसऱ्या जागी ठेवायचा.

आता मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत. ते ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांना त्या लोकांपासून वाचवलं. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना गाडीच्या रूपात आणून दिली की समजते. गुरुवारी मुलीनं फोनवरून सांगितलं, "बाबा, फाइल उघडा. सगळं सिलेक्ट करा. निळं झालं? आता कंट्रोल दाबा आणि सी दाबा." मास्तरांनी मनाशी म्हटलं, कंट्रोल म्हणजे क्लच. आणि क्लच कसा सोडतात हे या मुलीनं आपल्याला सांगावं? एक पाय हळूहळू वर येतो तसा दुसरा खाली जातो. दोन्ही एकदम दाबून ठेवले की इंजिन नुसतं ओरडतं. त्यांनी कंट्रोल पूर्ण दाबला, मग अलगद सोडत सोडत सी दाबला. गाडीनं जराही झटका खाल्ला नाही. निळा मजकूर एका क्षणात नाहीसा झाला आणि पांढऱ्या पडद्यावर एकटं सी उरलं.

"झालं का बाबा?"

"झालं," मास्तर म्हणाले. त्यांच्या हिशेबानं मजकूर उचलला गेला होता, म्हणून जागा रिकामी झाली होती. सामान उचललं की खोली रिकामी दिसतेच. आता तो मजकूर उंदरात, म्हणजे माउसमध्ये बसला असणार. नर्सबाईंच्या नावावर जाऊन त्यांनी त्याच सफाईनं कंट्रोल सोडत व्ही दाबलं आणि पाठवून दिलं. शेवटी फाइल बंद करताना कॉम्प्युटरनं विचारलं, केलेले बदल जतन करायचे का? गाडी उभी केली आणि हँडब्रेक ओढला नाही असं मास्तरांच्या हातून आयुष्यात झालेलं नाही. त्यांनी 'होय' दाबलं आणि कॉम्प्युटर बंद करून त्यावर बायकोनंच शिवलेलं कव्हर घातलं.

शुक्रवारी सकाळी नर्सबाईंसमोर ते कव्हर निघालं. फाइलचं नाव होतं 'बाळाचं स्वेटर – हात लावू नये'. नवऱ्याला ओळखून होती ती. फाइल उघडली. आत सी.

नर्सबाईंनी फाइल वरखाली करून बघितली. मग त्यांनी मास्तरांचा रक्तदाब घेतला. आता तो खरोखरच वाढला होता.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी पसरली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. कुणाच्या घरी काही बिघडलं की ते चप्पल न घालता खाली येतात, इतकी त्यांना घाई असते. ते आले, खुर्ची ओढून मास्तरांच्या जागी बसले आणि म्हणाले, "मास्तर, यात अनडू म्हणून एक सोय असते. आपण केलेलं सगळं आपोआप उलटतं."

"मग उलटा."

हेडक्लार्कांनी कंट्रोल आणि झेड दाबलं. दाबून धरलं, सोडलं नाही, ते मास्तरांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपलं. काही उलटलं नाही. पुन्हा दाबलं. सी जागचं हललं नाही.

"फाइल बंद केली होती का?"

"अर्थात. बंद करून, सेव्ह करून, वर कव्हर घातलं."

"कव्हर घातलं!" हेडक्लार्क हळहळले. ऑफिसात एखाद्याची फाइल चुकून जळली तर ज्या आवाजात बोलत असतील तो आवाज त्यांनी काढला. "मास्तर, निष्काळजी माणसाचं सगळं परत मिळतं हो. तुमच्यासारख्या व्यवस्थित माणसाचं काही मिळत नाही."

मास्तरांना हे लागलं. ज्या माणसाच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी चढावर गाडी एक बोटभर मागे येऊ देत नाही, त्याला व्यवस्थितपणाबद्दल सहानुभूती मिळावी? पण हेडक्लार्कांनी जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रात्री जेवायला वर या." मास्तर गेले. त्या घरात सगळे एकदम बोलतात. मास्तरांना बऱ्याच दिवसांनी दोन घास जास्त गेले.

शनिवारी दुरुस्तीवाला आला. त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, "बंद करून चालू करून बघितलं का?" मास्तरांना त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली, कारण बंद पडलेल्या गाडीजवळ तेही हेच विचारतात आणि त्यांनाही पुढचं काही माहीत नसतं. दुरुस्तीवाल्यानं माउस बदलून पाहिला, वायर फुंकली, कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला. कीबोर्डातून पिवळ्या लोकरीचे बारीक तंतू बाहेर पडले.

"हे बघा!" तो म्हणाला. "कॉपी-पेस्ट होणार कसं? आत स्वेटर आहे."

मास्तरांनी खरं कारण सांगितलं नाही. कॉम्प्युटरवरच ठपका येत असेल तर आपण का आड यायचं? दुरुस्तीवाला चिमट्यानं तंतू वेचत राहिला आणि फेकायला निघाला तेव्हा मास्तर म्हणाले, "राहू द्या. इकडे द्या." त्यांनी त्याची इवलीशी गोळी करून शर्टाच्या खिशात ठेवली. उरलेले तंतू दुरुस्तीवाल्यानं जास्त सावकाश वेचले. निघताना त्यानं एक कामाची गोष्ट सांगितली. बाईंच्या फायलींची प्रत कंपनीकडे ऑनलाइन राहत असणार, हेल्पलाइनला फोन करा.

मास्तरांनी हेल्पलाइनला फोन केला. बराच वेळ संगीत वाजलं, मग एक गोड आवाज आला.

"खातं कोणाच्या नावावर आहे, सर?"

"माझ्या मिसेसच्या."

"मग आम्हाला मॅडमशी बोलावं लागेल. फोन मॅडमना देता का?"

"त्या नाहीत."

"कधीपर्यंत येतील?"

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "येणार नाहीत," ते म्हणाले. "तुम्हाला कसं सांगू, मलाही त्यांच्याशी बोलायचंय."

मग तो गोड आवाज जरा बदलला, कागदावरून वाचायचा थांबला. "सॉरी, काका. थांबा, मी बघते." तिनं खरंच बघितलं. तिनं सांगितलं की यासाठी एक वेगळा अर्ज असतो, त्यात मृत्यूच्या दाखल्याचा नंबर दोनदा भरायचा असतो. तोवर मास्तर कंट्रोल दाबून धरायला शिकले होते. हेडक्लार्कांनी त्यांच्याकडून स्वतःच्या जबाबदारीवर सराव करून घेतला होता, अगदी शिकाऊ लायसन्ससारखा. तेव्हा पहिल्या चौकटीतला नंबर उचलून दुसऱ्या चौकटीत टाकायला मास्तर उत्सुक होते. त्यांनी कंट्रोल धरला, व्ही दाबलं. चौकट लाल झाली. तिच्याखाली अक्षरं आली: या जागी पेस्ट करता येणार नाही, कृपया स्वतः टाइप करा.

"म्हणजे जेव्हा येत नव्हतं तेव्हा सगळे म्हणत होते कर," मास्तर ओरडले, "आणि आता येतंय तर म्हणतात करू नको!"

"सरकारी पद्धत आहे," हेडक्लार्क समाधानानं म्हणाले. हा अर्ज एका खाजगी कंपनीचा होता, पण चांगली पद्धत कुठेही दिसली तरी ते तिला सरकारी म्हणतात.

नंबर टाइप झाला. मग कंपनीनं खातेदाराच्या फोनवर निरोप पाठवला. तो फोन कपाटात साड्यांखाली होता. मास्तरांनी तो काढला, चार्जिंगला लावला. थोड्या वेळानं फोन उजळला आणि टुण्‌ असा वाजला. तो आवाज ऐकून मास्तर सवयीनं म्हणाले, "अगं, तुझा फोन." आणि मग स्वतःच उठून बघितला. त्यावर विचारलं होतं: ही विनंती तुम्हीच केली आहे का? मास्तरांनी तिच्या वतीनं 'होय' दाबलं. संसारात नेहमी तीच त्यांच्या वतीनं 'होय' म्हणत आली होती, पाहुण्यांना, नातेवाइकांना, लग्नाच्या आमंत्रणांना. एकदा तरी फेड झाली.

थोड्याच दिवसांत कंपनीचा मेल आला. आम्हाला कळवण्यास आनंद होतो की आपली फाइल सुरक्षित आहे, आमच्याकडे नेहमी अगदी शेवटची, ताजी प्रत जपून ठेवली जाते. मास्तरांनी नर्सबाईंना आणि हेडक्लार्कांना बोलावलं. लायब्ररीवाल्या बाईही आल्या. सगळ्यांच्या साक्षीनं त्यांनी फाइल उघडली.

सी.

कंपनीनं त्यांचं सी डोळ्यांत तेल घालून सांभाळलं होतं.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, बाह्यांचं कुठवर आलं? दिवस जवळ आलेत."

"काम चालू आहे," मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं. आख्खी इमारत कामाला लागली होती. पण फोन ठेवल्यावर त्यांना आतून थंडी वाजायला लागली. हवाही बदलली होतीच. त्यांनी ट्रंकेतून आपलं जुनं राखाडी स्वेटर काढलं, अंगावर चढवलं आणि दिवा न लावता बैठकीत बसून राहिले. बायकोची एक गोष्ट पूर्ण करायची होती, ती आपण एका बोटानं पुसून टाकली, हे त्यांना आता गाडीच्या कुठल्याही भाषेत समजावून सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी दोघी बायका आल्या, सुयांशिवाय, नुसतं मास्तरांकडे बघून जावं म्हणून. मास्तरांनी दार उघडलं, अंगावर कालचंच राखाडी स्वेटर. लायब्ररीवाल्या बाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि उंबऱ्यातच त्यांचा दंड धरला.

"मास्तर, ही वीण!"

"काय झालं विणीला?"

"बाळाच्या पल्ल्यांवर खांद्यापाशी हीच वेणी आहे. ती म्हणाली होती एकदा, ही माझी जुनी वीण आहे, आमच्या घरातली. अहो, ती तुमच्या अंगावर आहे!"

नर्सबाई मागून आल्या आणि त्यांनी दुसरा दंड धरला. "बाळाचं स्वेटर म्हणजे मास्तरांचंच, लहान करून," त्या हळूच म्हणाल्या. "बसा. उठायचं नाही. हात बाजूला पसरा."

मास्तर खुर्चीत दोन्ही हात पसरून बसले. नर्सबाईंनी डावा हात घेतला, लायब्ररीवाल्या बाईंनी उजवा, आणि दोघी नखाच्या टोकानं ओळी मोजायला लागल्या. नाक खाजवायची सोय नव्हती. हेडक्लार्क बातमी ऐकून अनवाणी खाली आले आणि मोठ्याचं माप बाळाला कसं बसवायचं याचं त्रैराशिक मांडायला बसले. त्यांचं पहिलं उत्तर मांजराच्या मापाचं आलं. नर्सबाई म्हणाल्या, "मी रोज नवी बाळं हातात घेते. मापाचं माझ्यावर सोडा, तुम्ही नुसत्या ओळी लिहा."

"डावी बाही," नर्सबाईंनी ओळींचा आकडा सांगितला.

"चुकलात," लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या. "माझ्याकडे जास्त आहेत."

"तुम्ही एक ओळ दोनदा मोजली असेल."

"मी पुस्तकं मोजते जन्मभर. मला मोजायला शिकवू नका."

"आणि मी टाके घालते, माणसांना!"

पुन्हा मोजलं. पुन्हा तोच फरक. दोघींनी बाजू बदलल्या, मास्तरांचे हात लाकडासारखे झाले, तरी फरक तोच. शेवटी हेडक्लार्कांनी टेप मागवली आणि दोन्ही बाह्या मोजल्या.

"उजवी लांब आहे," ते म्हणाले. "चांगली तीन-चार बोटं."

"तिची चूक?" लायब्ररीवाल्या बाईंचा विश्वास बसेना. "तिची चूक होणं शक्यच नाही."

मास्तरांनी हात खाली घेतले. मग न कळत उजवा हात समोर, जरा उजवीकडे लांब केला, बोटं वळवून. तो हात रोज असाच जायचा. शिकाऊ माणूस उजवीकडे बसतो, मास्तर डावीकडे. तो घाबरला की स्टिअरिंग मास्तरांच्या उजव्या हातानंच धरायचं. दिवसभर पुढे जाणारा हात. बाही कधी मनगटावरून वर सरकली नव्हती. पहाटेच्या पहिल्या विद्यार्थ्याबरोबर निघताना त्या मनगटाला कधी गार वारा लागला नव्हता. त्यांना वाटायचं, स्वेटर चांगलं बसतं. त्यापुढचा विचार त्यांनी केला नव्हता, आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं.

"चूक नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी तो हात स्टिअरिंग धरल्यासारखा तसाच धरून दाखवला. हेडक्लार्क टेप गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्यावर त्यांनी ती उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

नर्सबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता प्रश्न असा आहे, की बाळ काही स्टिअरिंग धरणार नाहीये."

"कुणाचं नातवंड आहे ते विसरू नका," हेडक्लार्क म्हणाले.

त्या संध्याकाळी मास्तरांनी मुलीला सगळं सांगितलं. क्लचचं, सीचं, कव्हराचं, बाहीचं. मुलगी आधी खूप हसली. मग म्हणाली, "बाबा, उजवी लांबच ठेवायला सांगा."

नर्सबाईंनी डावी बाही विणली, लायब्ररीवाल्या बाईंनी उजवी. आपापल्या बाजूचाच आकडा बरोबर असं दोघी अजून म्हणतात, आणि आता दोघींचंही खरं आहे. स्वेटर वेळेत पोचलं. बाळ आलं, मुलगी झाली. फोटोत तिची उजवी बाही दुमडलेली आहे आणि तरीही मूठ झाकलेली आहे. तो फोटो मास्तरांनी नर्सबाईंना, लायब्ररीवाल्या बाईंना, हेडक्लार्कांना पाठवला. दुरुस्तीवाल्यालाही पाठवला, तो लोकर सावकाश वेचत होता म्हणून. हेल्पलाइनवरच्या मुलीचा नंबर त्यांच्याकडे नाही, नाहीतर तिलाही पाठवला असता. ती 'काका' म्हणाली होती. मास्तर म्हणतात, माझ्या एका बोटाच्या चुकीनं माझ्या दारात इतकी माणसं आली, की आभार कुणाचे आधी मानावेत तेच कळत नाही.

आता शनिवारी दुपारी दोघी येतात, सांगतात, आणि मास्तर त्या जुन्याच फाइलमध्ये स्वेटर पुन्हा लिहून काढतात, एका बोटानं. वरचं सी त्यांनी पुसलेलं नाही. त्याच्याखाली पाठ झाली, पुढचे दोन पल्ले झाले, डावी बाही झाली. मागच्या आठवड्यात मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आता सोपं आहे. डावी बाही कॉपी करा आणि खाली पेस्ट करा. आता तर येतं तुम्हाला."

"येतं," मास्तर म्हणाले. "पण ही पेस्ट करून चालणार नाही."

उजवी बाही अजून लिहायची राहिली आहे.